नऊ लाखांच्या दशमांशाआधी

सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही दोघे वडगाव शेरीला राहता, दोघांनाही पगार आहे, फ्लॅटचे कर्ज अजून चालू आहे. वडील विल न करता वारले. नेवासे तालुक्यातली त्यांची जमीन विकून 90 लाख आले. आईने आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सह्या केल्या होत्या, म्हणून सगळी रक्कम तुमच्या खात्यात जमा झाली. मंडळीच्या, म्हणजे तुमच्या चर्चच्या, नव्या हॉलचे काम निघाले आहे. तिथे पूर्ण दशमांश, म्हणजे 9 लाख द्यावेत आणि दाराशी वडिलांच्या नावाची संगमरवरी पाटी लागावी, असे तुमच्या मनात आहे. पत्नीचे म्हणणे, सगळे एकाच ठिकाणी कशाला? शिवाय एका सभेत ऐकलेले «द्याल त्याच्या दसपट परत मिळेल» हे वाक्य दोघांच्याही डोक्यात घोळते आहे.

मी बँकेत नोकरी केली, निवृत्तीनंतर मंडळीची खजिनदार झाले, आणि आता मुख्यतः आपल्या लोकांना विल करायला मदत करते. त्यामुळे पाळकसाहेब देतील त्यापेक्षा माझे उत्तर जरा वहीखात्याच्या अंगाने जाईल.

9 लाखांचा विचार सध्या बाजूला ठेवा. त्याआधी ताईचे 30 लाख आहेत.

आपल्याला, म्हणजे भारतीय ख्रिस्ती लोकांना, वारसाहक्कासाठी 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. पुरुष विल न करता वारला आणि मागे पत्नी व मुले असली, तर पत्नीला एक तृतीयांश मिळते. उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये समान वाटले जाते. मुलगा आणि मुलगी यांत कायदा फरक करत नाही. म्हणजे तुमच्या घरात आईचे 30, ताईचे 30 आणि तुमचे 30. हक्कसोडपत्र झाल्यामुळे कायद्याने तुम्हाला आज कोणी काही विचारणार नाही. पण ती सही कशी झाली, ते तुम्हाला माहीत आहे. गावाकडे बहिणीने सही करायची ही रीत आपण बाप्तिस्मा घेतला तरी सोडली नाही. माहेर तुटेल या भीतीने बाया सह्या करतात आणि वर म्हणतात, «भावाचंच आहे की.» मी हे वाक्य इतक्या जणींच्या तोंडून ऐकले आहे की आता ते मला उदारपणाचे वाटत नाही.

बायबलमधल्या मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातले दहावे वचन, सगळा दशमांश भांडारात आणा, हे आपल्याकडे अर्पणाच्या वेळी नेहमी वाचले जाते. त्याच अध्यायाचे पाचवे वचन मात्र क्वचितच वाचतात. त्यात मजुराची मजुरी अडवणारे आणि विधवा व अनाथ यांना गांजणारे, यांच्याविरुद्ध देव स्वतः साक्ष द्यायला उभा राहतो. दोन वचनांत पाच ओळींचे अंतर आहे आणि क्रम तोच आहे: आधी न्याय, मग दशमांश. प्रभू येशू धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या परूश्यांना म्हणाला की तुम्ही पुदिना, शेप आणि जिरे यांचा दशमांश देता, पण न्याय, दया आणि विश्वास सोडून देता. दशमांश न सोडता हे करायचे होते (मत्तय 23:23). मार्कच्या सातव्या अध्यायात तर आई-वडिलांना द्यायचे ते «कुर्बान», म्हणजे देवाला वाहिलेले, असे सांगून हात वर करणाऱ्या लोकांना त्याने सरळ ढोंगी म्हटले. तुमच्या आईचा विचार मी याच वचनाखाली करते. तिचे 30 लाख तिच्या नावावर, तिच्या खात्यात असू द्या. ती तुमच्याकडे राहते आणि तिला काही कमी पडत नाही, हे कबूल. पण दर रविवारी पाकिटात किती घालायचे हे स्वतः ठरवण्याचा आनंद तिलाही हवा.

ताईला विचारताना «तुला हवेत का?» असे विचारू नका. ती नाहीच म्हणेल, विशेषतः वहिनी समोर बसलेली असताना. जमिनीच्या व्यवहारावरचा कर आणि खर्च वजा करून तिचा आकडा काढा, रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात भरा आणि मग फोन करा. भावाने बहिणीला दिलेल्या रकमेवर तिला आयकर लागत नाही, ती काळजी नको. तिने त्यातले काही परत दिले, तर ते तिचे देणे असेल, तिच्या हाताने केलेले. ते आनंदाने घ्या.

प्रभूला पाहायला झाडावर चढलेल्या श्रीमंत जकातदार जक्कयाची गोष्ट आपण संडेस्कूलमध्ये उंबराच्या झाडापुरती शिकतो. खरी गोष्ट झाडावरून उतरल्यानंतरची आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि अन्यायाने कोणाचे काही घेतले असेल तर चौपट परत करतो, असे तो एका दमात म्हणतो. या घराला तारण झाले आहे, हे प्रभूचे शब्द त्यानंतर येतात. देणे आणि परत करणे या दोन गोष्टी त्याने वेगळ्या ठेवल्या नाहीत. ज्यांच्याकडे नव्याने पैसा आला आहे, त्या प्रत्येकाला मी लूकचा एकोणिसावा अध्याय एकदा पेन हातात घेऊन वाचायला सांगते.

हाच हिशेब रोजच्या घरातही करा. तुमच्याकडे धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचा पगार शेवटी कधी वाढला? त्या आजारी पडल्या की खाडे कापता का? तुम्हाला वर्षाला भरपगारी रजा मिळते, मग त्यांना महिन्याला दोन दिवस मिळायला काय हरकत आहे? सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या, «स्वच्छ» या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंचे महिन्याचे शुल्क त्यांना दोन-दोनदा मागावे लागते का? पुण्यात सुस्थितीतली कितीतरी घरे या पैशांवरून दारात घासाघीस करतात, आपलीही करतात. मजुरांची अडवलेली मजुरी ओरडत आहे आणि ते ओरडणे सेनाधीश प्रभूच्या कानी गेले आहे, असे याकोबाच्या पाचव्या अध्यायात आहे. मावशींसाठी आरोग्य विमा काढणे, त्यांच्या मुलीची बारावीची फी भरणे ही उदारता झाली. पण पगार वेळेवर आणि पुरेसा देणे याला मी उदारता म्हणणार नाही. ते देणेच आहे.

आता दशमांश. तुमचा वाटा 30 लाख धरला तर दशमांश 3 लाख होतो, आणि तो द्यावा असे मी म्हणेन. पण कशासाठी, ते समजून द्या. जुन्या करारातला दशमांश सगळाच्या सगळा मंदिरात जात नसे. त्यातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तो घरच्यांनी देवासमोर आनंदाने बसून खायचा आहे. आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवायचा, मंदिराची सेवा करणारे लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून. म्हणजे सण, सेवक आणि गरीब, तिघांनाही त्यात जागा होती. नव्या करारात तर टक्का उरत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की प्रत्येकाने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, खंत करून किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, कारण «संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो». पगारदार माणसाने दहा टक्क्यांपासून सुरुवात करावी, यात मला काही चूक दिसत नाही. शिस्त लागते, महिन्याच्या पहिल्याच दिवशी बाजूला निघते. पण दोन पगार असलेल्या घराला दहा टक्के हलके जातात आणि कंत्राटी कामगाराला तेच दहा टक्के रेशनमधून काढावे लागतात. म्हणून उत्पन्न वाढेल तसा टक्काही वाढवा. पगारवाढ झाली की निम्मी वाढ घरात, निम्मी देण्यात, असे ठरवलेली काही कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांची घरे साधी आहेत आणि त्यांना काही कमी पडलेले नाही.

गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांबद्दलही, म्हणजे तिच्या दोन लहानशा नाण्यांबद्दलही, बोलले पाहिजे, कारण तो उतारा श्रीमंतांपेक्षा गरिबांनाच जास्त ऐकवला जातो. मार्कच्या बाराव्या अध्यायात त्या गोष्टीच्या लगेच आधी प्रभू धर्मशास्त्र शिकवणाऱ्या शास्त्र्यांविषयी काय म्हणतो? ते विधवांची घरे गिळंकृत करतात, असे म्हणतो. दोन्ही एकत्र वाचले की खजिनदाराची झोप उडायला हवी. आमच्या मंडळीत पेन्शनवर जगणाऱ्या एका आजींनी एकदा मोठी रक्कम आणून दिली. पावती फाडण्याआधी मी त्यांच्याजवळ बसले आणि औषधांचे, घरभाड्याचे विचारले. अर्धी रक्कम परत घ्यायला त्या कशाबशा तयार झाल्या. मी आजही हेच करीन. मंडळीने देणाऱ्याच्या ताटाकडे बघितले पाहिजे.

दसपट परत मिळण्याचे वचन मनातून काढून टाका. अशा आशेने दिलेला पैसा गुंतवणुकीत जातो, अर्पणात नाही. आणि परतावा आला नाही की माणूस देवावर रागावतो. पौलाने ज्या मासेदोनियाच्या मंडळ्यांचे कौतुक केले, त्या पराकाष्ठेच्या दारिद्र्यात होत्या. दिल्यावर त्या श्रीमंत झाल्या असे त्याने कुठेही लिहिलेले नाही. विपुलता मिळते ती प्रत्येक चांगल्या कामासाठी, असे तो म्हणतो. जो प्रचारक व्यासपीठावरून आकडा मागतो आणि वर्षाचा हिशेब छापत नाही, त्याच्या सभेत पाकीट उघडू नका. हे मी जरा कठोरपणे लिहिते आहे, कारण कर्ज काढून असे «बी पेरणारी» घरे मी सावरताना पाहिली आहेत.

तुमच्या पत्नीचा मुद्दा मला बरोबर वाटतो. सगळे एकाच ठिकाणी देऊ नये. हॉलला द्या, पण हॉल बांधून झाल्यावर वीजबिल, रखवालदार आणि पावसाळ्यातली गळती यांसाठी कोणी देणगी आणून देत नाही, हे लक्षात ठेवा. पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. त्यामागे अमेरिकेतल्या हितचिंतकांचे वचन होते, दहा वर्षे दरसाल ठरलेली मदत देण्याचे. एका मोठ्या थैलीपेक्षा त्या दहा वर्षांच्या खात्रीने बायकांना शिकवणे शक्य झाले. मग रमाबाईंनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, तीही फळबागा लावून संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी म्हणून. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुलींना त्या घेऊन आल्या, तेव्हा ती जमीन होती म्हणून त्यांना आसरा मिळाला. तुम्हीही एक-दोन ठिकाणे निवडा आणि तीन-पाच वर्षांचे वचन द्या, दरमहा. खेड्यातल्या मंडळ्यांमध्ये पाळकांचा पगार महिनोन्महिने थकतो. तुमच्या वडिलांच्या गावची मंडळी कशी चालली आहे, याची आधी चौकशी करा. त्या मातीतून आलेला पैसा थोडा तरी तिकडे जावा असे मला वाटते. त्या गावातल्या एखाद्या मुलीचे नर्सिंगचे शिक्षण पूर्ण होईपर्यंतची फी तुम्ही उचललीत, तर पाटीवरच्या नावापेक्षा तुमच्या वडिलांना त्यात जास्त समाधान वाटले असते, असे तुम्ही त्यांच्याविषयी जे लिहिले आहे त्यावरून मला वाटते.

पाटीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: लावू नका. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूने दानधर्माविषयीच सांगितले आहे. आपल्या उपासनेत «अमुक कुटुंबाकडून इतके» असे वाचून दाखवण्याची पद्धत पडली आहे, तिने गरीब कुटुंबे अर्पण द्यायलाच संकोचतात. हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंचा लिलाव निराळा. तिथे भोपळ्यावर चढाओढीने बोली लागते, सगळे मोकळेपणाने हसतात, त्यात कोणाचे काही दुखत नाही.

आणि ख्रिस्ती नसलेल्यांनाही द्या. नाना पेठेतले सिटी चर्च 1792 मध्ये सुरू झाले, ते सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर. ससून रुग्णालय डेव्हिड ससून या ज्यू व्यापाऱ्याच्या देणगीतून उभे राहिले, आणि तिथे आपल्यापैकी कितीतरी जण जन्मले. आपण या शहरात दुसऱ्यांच्या उदारपणावर उभे आहोत. मदत करताना समोरच्याचा दाखला तपासण्याची गरज नाही, आणि मदतीच्या बदल्यात त्याने उपासनेला यावे अशी अपेक्षाही ठेवू नये.

सगळ्यात अवघड भाग नातेवाइकांचा. जमीन विकल्याची बातमी गावभर झाली असणार, आणि चुलत-मावस भावंडे उसने मागायला येतील. इथे लूकच्या सहाव्या अध्यायातले, परत मिळण्याची आशा न धरता उसने द्या, हे वचन अगदी व्यवहारी आहे. कोणी 2 लाख मागितले तर मनात विचारा: किती रक्कम मी आयुष्यभर विसरू शकतो? 40 हजार असेल, तर 40 हजार द्या आणि तोंडाने सांगा की हे परत करायचे नाही. उसने म्हणून दिलेले 2 लाख परत आले नाहीत की तो भाऊ लग्नकार्यात तुमची नजर चुकवतो. पैसाही जातो आणि माणूसही. देताना त्याच्या मुलांसमोर देऊ नका. सल्ला देऊ नका. तुमच्याकडून घेतल्यानंतरही त्याला तुमच्या घरी ताठ मानेने जेवायला येता आले पाहिजे.

स्वतःच्या घराचे काय ठेवावे? समता व्हावी म्हणून द्या, दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओझे व्हावे म्हणून नव्हे, असे पौलच सांगतो. सहा महिन्यांचा घरखर्च, सगळ्यांचा आरोग्य विमा आणि आईच्या आजारपणाची तरतूद ठेवा. फ्लॅटच्या कर्जाचा काही भाग फेडा, म्हणजे दरमहा द्यायला हात मोकळा होईल. पण «अजून थोडे सुरक्षित होऊ, मग देऊ» याला शेवट नसतो. लूकच्या बाराव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस कोठारे मोठी करायच्या बेतातच गेला. म्हणून ठेवायचा आकडा आज दोघांनी बसून लिहून काढा आणि त्याच्या वरचे देण्यासाठी मोकळे धरा. मुलांनाही या बैठकीत घ्या. मिझोरमच्या मंडळ्यांत 1910 पासून एक रीत आहे: प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी घरची बाई मूठभर तांदूळ देवाच्या कामासाठी वेगळे काढते. मोठ्या रकमांच्या गोष्टी मुलांना समजत नाहीत, रोजची मूठ समजते.

कागदपत्रांचे थोडक्यात. ज्या संस्थेला द्याल तिची धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब मागा. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नाही. यरुशलेमसाठी गोळा केलेली मदत नेताना पौलाने सोबत निवडलेली माणसे घेतली, ती कोणी बोट दाखवू नये म्हणूनच. चेकने किंवा यूपीआयने द्या, पावती घ्या. देणगीवरची आयकरातली वजावट (80जी म्हणून ओळखतात ती) निव्वळ धार्मिक कामाच्या देणगीला मिळत नाही, 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर बहुधा हा प्रश्नच येत नाही. कर वाचतो म्हणून देण्याचे ठिकाण बदलू नका.

आणि तुम्ही दोघांनी स्वतःचे विल करा, म्हणजे ताईवर आली तशी वेळ तुमच्या मुलीवर येणार नाही. जुनी माणसे सांगतात की ख्रिस्ती माणसाने धर्मादायासाठी विलमध्ये काही ठेवले तर पुढे बारा महिने जगावे लागते, नाहीतर ते रद्द होते. तसा नियम खरेच होता, उत्तराधिकार कायद्याच्या कलम 118 मध्ये. केरळचे एक धर्मगुरू, जॉन वल्लमट्टम, त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 2003 मध्ये न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. आता तशी अट नाही. विलला दोन साक्षीदार लागतात. ज्याला काही द्यायचे आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नका, कारण मग त्याला दिलेले तेवढे बाद होते.

ताईशी आणि आईशी बोलणे झाले, कर भरून झाला आणि ठेवायचा आकडा ठरला, की हॉलच्या देणगीचा विचार पुन्हा करा. 3 लाखच निघतील असे नाही. दोघांचे मन मोकळे झाल्यावर त्याहून जास्तही निघतील, कदाचित 9 च्या वरही जातील. तोपर्यंत खजिनदारांना एवढेच कळवा की आमचा आकडा पुढच्या महिन्यात सांगतो.